सुट्टीचे होराभूषण

जगात भविष्य सांगणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. शेअर बाजाराचं सांगणारे आहेत, निवडणुकीचं सांगणारे आहेत, तळहात पाहून परदेशगमनाचा योग सांगणारे आहेत. पण या सगळ्यांत एक उणेपणा आहे. भाकीत चुकलं की ते ओशाळतात. अगदीच निगरगट्ट असले तरी निदान खुलासा करतात. चुकण्याची लाज ज्याने पार मोडीत काढली आहे, असा एकच संप्रदाय माझ्या माहितीत आहे. तो कॅनडाच्या उत्तरेला, बॅफिन बेटावरच्या इकालुइत गावी नांदतो आणि थंडीचे सगळे महिने रोज रात्री एकाच प्रश्नाला भिडतो: वादळामुळे उद्या शाळा बंद राहील का?

या संप्रदायाची म्हणावी तशी कदर झालेली नाही. हवामान खात्यांना इमारती मिळाल्या, उपग्रह मिळाले, शास्त्रज्ञांना पदकं मिळाली. आणि ज्या मंडळींनी पगार न घेता, उपकरण न बाळगता, अर्धवट राहिलेला गृहपाठ एवढ्या एकाच भांडवलावर हे शास्त्र उभं केलं, त्यांच्या वाट्याला काय आलं? सकाळी सात वाजता अंधारात मोजे शोधणं. हा अन्याय थोडा तरी दूर व्हावा म्हणून हे चार शब्द.

इकालुइत ही कॅनडाच्या नुनावुत या प्रदेशाची राजधानी. १९८७ पर्यंत गावाचं नाव फ्रोबिशर बे होतं. २०२१च्या जनगणनेत लोकसंख्या भरली ७,४२९. बाहेरच्या जगातून इथे यायला रस्ता नाही. विमानाने यायचं, नाहीतर उन्हाळ्यात खाडीतला बर्फ वितळल्यावर जहाजाने. गावातल्या गावात मात्र रस्ते आहेत, आणि त्यांतल्या एकाचं नाव ‘रोड टू नोव्हेअर’ असं आहे. रस्त्याला दिलेलं इतकं प्रामाणिक नाव मी दुसरं ऐकलेलं नाही. भूगोलाचे काटेकोर मास्तर म्हणतील की गाव आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे, तेव्हा त्याला आर्क्टिक म्हणणं बरोबर नाही. असेल. पण भोवताली झाड म्हणून उगवत नाही, डिसेंबरात सूर्य जेमतेम सव्वाचार तास तोंड दाखवतो आणि दुपारी पावणेदोनच्या आत मावळतो. मास्तरांनी ही हरकत तिथे उघड्यावर उभं राहून घ्यावी.

नवखा माणूस या शास्त्रात शिरला की आधी थर्मामीटर बघतो. त्याला वाटतं, फार थंडी पडली की शाळा बंद. इथेच तो ओळखू येतो. उणे पस्तीस तापमान, हवा स्तब्ध, धुराड्यातून निघालेला धूर सरळ रेघ ओढल्यासारखा वर चाललेला: अशा सकाळी शाळा हमखास उघडी. पोरं नाकापर्यंत गुंडाळलेली, पापण्यांवर श्वासाची वाफ गोठून पांढरी झालेली, पण वर्गात वेळेवर हजर. इथला नीचांक उणे ४५.६, १० फेब्रुवारी १९६७चा. त्या आकड्याचा गावाला अभिमान आहे, पण सुट्टीच्या कामी तो फारसा येत नाही. उलट उणे बारा, म्हणजे तिथल्या मानाने सोयरीक जमवायला निघावं अशी हवा, आणि वारा ताशी ऐंशी किलोमीटर, की शाळेला कुलूप. शिवाय वादळं बहुतेक दक्षिणेकडून येतात, ती आपल्याबरोबर ऊब घेऊन येतात. म्हणजे आर्क्टिकमध्ये थंडी कमी होऊ लागली की शहाण्या मुलांनी दप्तर भरणं थांबवावं.

बर्फ आभाळातून पडावा लागतो, हाही दक्षिणेतला गैरसमज. इथे दोन महिन्यांपूर्वी पडलेला बर्फ अजून शिलकीत असतो, कोरडा, पिठासारखा. वारा तोच उचलतो आणि गावभर फिरवतो. वर निळं आकाश असतं, आणि खाली माणसाला स्वतःचे बूट दिसत नाहीत. कॅनडाच्या हवामान खात्याने याला शिस्त लावण्याचा प्रयत्न केला आहे. वारा ताशी ४० किलोमीटर किंवा जास्त, दृश्यमानता ४०० मीटर किंवा कमी, आणि वृक्षरेषेच्या उत्तरेला ही स्थिती सलग सहा तास टिकली, तरच तिला ब्लिझर्ड म्हणायचं. दक्षिणेत चार तास पुरतात. उत्तरेत लोक सोसतात हे पाहून दोन तास वाढवलेले दिसतात. पाच तास पन्नास मिनिटं चाललेलं वादळ ब्लिझर्ड नव्हे, आणि त्यात सापडलेल्याने ते तसं म्हणू नये.

वाऱ्याच्या दिशाही इथे दोनच, वायव्य आणि आग्नेय. खाडी आणि दरी त्याच रेषेत पडलेली असल्यामुळे वाऱ्याला तिसरा विचार सुचत नाही. एवढ्या सोप्या प्रश्नपत्रिकेत अंदाज कसा चुकतो, असं कुणी विचारेल. त्याने आधी हे समजून घ्यावं की अंदाज वाऱ्याचा करायचाच नसतो.

अंदाज करायचा असतो तो माणसांचा. वादळात शाळा आपोआप बंद होत नाही. ती कुणीतरी बंद करावी लागते. पहाटे सहाच्या सुमाराला स्थानिक शिक्षण मंडळाची जबाबदार मंडळी अंथरुणातून उठतात, खिडकीशी जातात आणि समोरचा दिव्याचा खांब दिसतो का ते बघतात. एकमेकांना फोन होतात. बस निघू शकेल का, रस्ते साफ होतील का, पोरं दारातून दारात सुखरूप पोचतील का, हे पाहून निर्णय होतो आणि रेडिओवरून, फोनवरून गावभर जातो. म्हणजे आदल्या रात्री नऊ वाजता आपल्याला ओळखायचं असतं ते एवढंच, की न उजाडलेल्या पहाटे, चहा न घेतलेल्या माणसाला, काचेवरच्या दहिवरातून, एक खांब दिसेल की नाही. अचूकतेच्या घमेंडीत वावरणाऱ्या कुठल्याही शास्त्राने इतका नाजूक प्रश्न आजवर अंगावर घेतलेला नाही.

तसं पाहिलं तर त्याच पहाटे विज्ञानही कामाला लागलेलं असतं. सव्वासहाच्या सुमाराला गावातून हवामानाचा फुगा आकाशात सोडतात. तो तास-दीड तास वर चढत जातो, थरामागून थराचं तापमान, आर्द्रता, वारा खाली कळवतो, मग ते आकडे गणकयंत्रांत जातात, आणि त्यांतून नवा अंदाज तयार होतो तोवर पोरं एकतर शाळेत पोचलेली असतात किंवा परत झोपलेली असतात. विज्ञान कधीच उशीर करत नाही. शाळा लवकर भरते, एवढंच.

आता अचूकतेबद्दल थोडं, कारण निंदक नेहमी तिथेच बोट ठेवतात. १८८४ साली अमेरिकेत जॉन फिन्ली नावाच्या लष्करी हवामानतज्ज्ञाने टॉर्नेडोचे २,८०३ अंदाज केले. त्यांतले २,७०८ बरोबर निघाले, म्हणजे ९६.६ टक्के. वाहवा झाली. मग कुणीतरी हिशेब मांडला, की फिन्लीने रोज डोळे मिटून ‘आज टॉर्नेडो नाही’ एवढंच म्हटलं असतं, तर त्याला ९८.२ टक्के पडले असते. इकालुइतलाही हा नियम तंतोतंत लागू आहे. हिवाळ्यातल्या बहुतेक दिवशी शाळा उघडीच असते. तेव्हा रोज रात्री न चुकता ‘उद्या शाळा आहे, झोपा’ असं म्हणणारा माणूस गावातला सगळ्यात अचूक भविष्यवेत्ता ठरेल. असा माणूस घरोघरी असतो. त्याला आई म्हणतात. तिची टक्केवारी फिन्लीच्या वरची आहे, आणि तिचं भाकीत ऐकायला कुणी थांबत नाही.

बरोबरच आहे. नुसतं खरं ठरण्यात कसलं कौशल्य? खरा होराभूषण तो, जो दर आठवड्याला सुट्टी जाहीर करतो आणि ती हुकली तरी ज्याची पत घसरत नाही. जानेवारीत एकदा त्याचं खरं होतं. मग मे महिन्यापर्यंत लोक त्याच दिवसाची गोष्ट सांगतात: ‘आठवतं ना, तो आदल्या रात्रीच म्हणाला होता!’ त्या रात्री तोच काय, शाळेत जाणारं प्रत्येक पोर तेच म्हणालं होतं. पण इतिहासाला एकच नाव लागतं.

लक्षणं वाचण्याची या मंडळींची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. ओटावाहून येणारं विमान तीन तासांचा प्रवास करून, धावपट्टी न दिसल्यामुळे माघारी गेलं, तर वादळ आलं आहे, सुट्टी नक्की. विमान वेळेवर उतरलं, तर वैमानिकाने वादळाच्या आत पोचायची घाई केली आहे, सुट्टी नक्की. नगरपालिकेने बर्फ ढकलणारी यंत्रं रस्त्यावरून मागे घेतली, तर सुट्टी. रात्रभर यंत्रं फिरताना ऐकू आली, तर परिस्थिती हाताबाहेर चालली आहे, म्हणून सुट्टी. टॅक्सीवाल्यांनी गाड्या लावून टाकल्या की मग चर्चाच नको. पाण्याच्या ट्रकचंही तसंच. जमीन बारमाही गोठलेली, त्यामुळे पुष्कळ घरांना नळाची वाहिनी नाही. पाणी ट्रकने येतं, टाकीत भरतं, आणि सांडपाणी दुसऱ्या ट्रकने जातं. ट्रक आज आला नाही, म्हणजे उद्याचं भविष्य आजच सांगून गेला. ट्रक आला, म्हणजे उद्या येता येणार नाही हे त्याला कळलं आहे. शाळा उघडी राहील असं दाखवणारं एकही लक्षण या शास्त्रात नाही. आपल्या बुलढाण्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी करतात, तिथे निदान धान्याचा दाणा जागचा हलावा लागतो.

मुलांनाच सगळं श्रेय देणं मात्र बरोबर होणार नाही. शिक्षक, त्यातले बरेच दक्षिणेकडून इथे नोकरीला आलेले, वर्गात तटस्थपणे सांगतात की उद्या चाचणी आहे, सुट्टीच्या भरवशावर राहू नका. मग घरी जाऊन तपासायच्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवतात आणि खिडकीशी उभे राहतात. त्यांचा खांबही तोच असतो. फरक इतकाच की मुलगा चुकला तर त्याला शिक्षा होते. शिक्षक चुकला तर तो वर्गात येऊन म्हणतो, ‘आज आपण जरा वाचन करू.’

घरातले म्हातारे या बाबतीत फारच निरुपयोगी. आयुष्य याच हवेत गेलं. बर्फावर वाऱ्याने कोरलेल्या रेघोट्या पाहून धुक्यात वाट काढणारी ही माणसं. त्यांना विचारावं, उद्या वादळ आहे का, तर उत्तर येतं, उद्या बघू. बॅफिन बेटावरच्याच क्लाइड रिव्हर गावच्या जाणत्यांनी तर संशोधकांना पूर्वीच सांगून ठेवलं आहे की हवा आता ओळखीची राहिली नाही, पूर्वीसारखी तिची चाहूल लागत नाही. ज्यांना कळत होतं त्यांनी असे हात टेकले, ही आठवीतल्या पोरांच्या दृष्टीने मोठीच सोय झाली. मैदान मोकळं झालं. ज्याला काहीच कळत नव्हतं त्याची खात्री मात्र जराही कमी झालेली नाही, आणि आता त्याच्या बरोबरीला विज्ञानसुद्धा येऊन बसलं आहे.

रशियात हा प्रकार नियमांनी बाटवून टाकला आहे, याचं मला वाईट वाटतं. नोरिल्स्कला वाऱ्याच्या प्रत्येक सेकंदी मीटरमागे थंडीचे दोन अंश धरतात. उणे अठ्ठावीस तापमान आणि सेकंदाला नऊ मीटर वारा, म्हणजे उणे सेहेचाळीस; ठरलेल्या आकड्याच्या खाली गेलं की त्या त्या वर्गाला सुट्टी. गणितात नापास होणारी मुलंसुद्धा हा हिशेब तोंडी करतात म्हणे. उपयोग काय? हिशेब केला की उत्तर मिळतं, आणि उत्तर मिळालं की झोप लागते. याकुत्स्कला तर कडाक्याच्या थंडीत वाराही नसतो, नुसतं दाट धुकं. उणे पंचेचाळीसला प्राथमिकचे वर्ग बंद; मोठ्यांसाठी आकडा आणखी खाली. धाकटा पांघरुणात, थोरला दप्तर घेऊन दारात, आणि दोघांच्या मधे थर्मामीटरचे काही अंश. भावंडांच्या वैराला सरकारी पाठबळ देण्याची ही रीत वाखाणण्यासारखी आहे, पण तिथे होराभूषणाला वाव नाही. तिथे कारकून पुरतो.

अमेरिकेने दुसऱ्या बाजूने घोळ घातला. २००७ साली न्यू जर्सीतल्या डेव्हिड सुखिन नावाच्या शाळकरी मुलाने सुट्टीची शक्यता टक्क्यांत सांगणारा कॅल्क्युलेटर तयार केला. तो लोकप्रिय झाला, मुलगा पुढे एमआयटीत गेला. गृहपाठ टाळण्यासाठी इतके कष्ट करणाऱ्याचं आणखी काय होणार? त्याच्या आधीची विद्या अधिक शुद्ध होती. झोपताना पायजमा उलटा घालायचा, उशीखाली चमचा ठेवायचा आणि संडासात बर्फाचे खडे टाकून पाणी सोडायचं, म्हणजे सकाळी शाळा बंद. कॅनडा-अमेरिकेत लाखो मुलांनी हे मनोभावे केलं आहे. तिसरा विधी इकालुइतला परवडत नाही. जिथे पाणी ट्रकने येतं, सांडपाण्याची टाकी भरली की दुसऱ्या ट्रकची वाट बघावी लागते आणि तो ट्रक वादळात निघत नाही, तिथे सुट्टी मागण्यासाठी टाकी भरणं म्हणजे वर मागताना देवाचाच पाय ओढणं. पायजम्याला मात्र हरकत नाही. उलटा काय, सुलटा काय, त्याच्यावर आणखी तीन थर चढायचेच असतात.

हे सगळं ज्यासाठी, ती सकाळ. घर अंधारात. खिडकीबाहेर काहीच नाही, म्हणजे काळंही नाही आणि पांढरंही नाही. दिव्याच्या उजेडात नुसता एक खरखरीत राखाडी पडदा आडवा पळतो आहे. भिंतीला कुठेतरी पत्रा वाजतो. असल्या हवेत दहा पावलांवरचं शेजारघर सापडत नाही, हे इथे लहान मुलालाही माहीत असतं, आणि तेवढ्यापुरता होराभूषणही गप्प असतो. स्वयंपाकघरात रेडिओ लावलेला आहे. आधी इनुक्तितुतमधून बातम्या, मग इंग्रजीतून, मग हरवलेल्या स्नोमोबिलबद्दल कुणाची तरी सूचना. पोराने एक मोजा घातला आहे. दुसरा हातात आहे. दुसरा घालणं म्हणजे हार मान्य करणं, आणि न घालणं म्हणजे आईच्या तोंडी लागणं. म्हणून तो अर्धा पायात सरकवून ठेवलेला आहे. सूचना येते. शाळा बंद असेल तर मोजा हवेत उडतो. उघडी असेल तर शांतपणे वर ओढला जातो, आणि ओढता ओढताच सांगितलं जातं की वारा अजून चढतो आहे, दुपारी बघा.

गावात शाळा चालवणारी मंडळं दोन आहेत, फ्रेंच शाळेचं वेगळं. तेव्हा तत्त्वतः एकाच वाऱ्यात इंग्रजीतून चालणं धोक्याचं आणि फ्रेंचमधून सुरक्षित ठरू शकतं, किंवा उलट. ज्यांच्या घरात दोन्हीकडची मुलं आहेत त्यांनी हा प्रश्न घरातच मिटवावा.

दुपारचं मात्र खरंच महत्त्वाचं. इकालुइतमध्ये जेवायला घरी जायची पद्धत आहे. बाराच्या ठोक्याला शाळा, कचेऱ्या सगळ्या एकदम सुटतात आणि या एवढ्याशा गावात गाड्यांची चक्क कोंडी होते. त्यामुळे निर्णय दिवसातून दोनदा घ्यावा लागतो, सकाळसाठी एकदा आणि दुपारसाठी एकदा. जगातल्या कुठल्याही ज्योतिषाला इतक्या लवकर दुसरी संधी मिळत नाही. सकाळी तोंडघशी पडलेला माणूस पहिल्या तासालाच नव्या उमेदीने उभा राहतो. गावातल्या जुन्या शाळा १९७०च्या दशकातल्या, पांढऱ्या फायबरग्लासच्या तक्त्यांच्या, खिडक्या मोजक्या आणि जहाजाला असतात तशा लहान. ऊब आत राहावी म्हणून. बाहेर काय चाललं आहे ते वर्गातून धड दिसत नाही. त्यामुळे अंदाज अधिकच ठाम होतो. दहाच्या सुमाराला सुट्टीची शक्यता साठ टक्के, साडेदहाला ऐंशी. दर पाच मिनिटांनी एकेकाला लघवीला जायचं असतं, कारण वाटेत बाहेरच्या दाराला काच आहे. परत येणारा काही बोलत नाही, नुसती मान हलवतो, आणि मागच्या बाकावर नव्वद टक्के होतात.

साडेअकराला भिंतीवरचा स्पीकर खरखरतो. शिक्षिका खडू खाली ठेवतात, तेही जरा लगबगीनेच. मुख्याध्यापकांचा पहिला शब्द पुरता बाहेर पडायच्या आत अर्ध्या वर्गाचे पाय बुटात गेलेले असतात. सूचना अशी असते की, तिसरीच्या वर्गाबाहेर डाव्या हाताचा एक हातमोजा सापडला आहे, ज्याचा असेल त्याने कार्यालयातून घेऊन जावा.